एका ॲडमिरलचा महाकाय ध्यास

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन होजेकडे जाणाऱ्या १०१ क्रमांकाच्या महामार्गावर माउंटन व्ह्यू आणि सनीव्हेल या शहरांच्या सीमेवर एक अवाढव्य कमानदार वास्तू उभी आहे. संगणक क्षेत्रातील नोकरीच्या निमित्ताने त्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या ती रोजच्या पाहण्यातली असते. १,१३३ फूट लांब, ३०८ फूट रुंद आणि १९८ फूट उंच अशी ही इमारत 'हँगर वन' या नावाने ओळखली जाते. भोवतालच्या विमानतळाचे नाव आहे मॉफेट फील्ड. एवढी प्रचंड वास्तू कोणत्या विमानासाठी बांधली असेल, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. ती विमानासाठी बांधलेली नाहीच. अमेरिकी नौदलाच्या 'मेकन' या हवाई जहाजाचे, म्हणजे एअरशिपचे ते घर होते. ज्यांच्या आग्रहामुळे हे जहाज बांधले गेले, त्या रिअर ॲडमिरल विल्यम ॲडगर मॉफेट यांचे नाव विमानतळाला देण्यात आले. पण ते पाहण्यास मॉफेट हयात नव्हते. मेकनच्याच जुळ्या भावंडासह ते अटलांटिक महासागरात बुडाले होते.

अमेरिकी नौदलाच्या इतिहासात मॉफेट यांना मानाचे स्थान आहे, ते विमानवाहू नौकांचा पाया घालणारे अधिकारी म्हणून. एअरशिपच्या पायी त्यांनी प्राण गमावले, ही गोष्ट त्या गौरवाच्या कथेत बहुधा शेवटच्या परिच्छेदात येते. वस्तुतः या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या दूरदृष्टीने आणि ज्या चिवटपणाने त्यांनी विमानवाहू नौका पदरात पाडून घेतल्या, त्याच दूरदृष्टीने आणि चिवटपणाने ते एअरशिपला धरून राहिले.

चार्ल्सटनचा मुलगा

मॉफेट यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८६९ रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन या बंदराच्या गावी झाला. यादवी युद्ध संपून चारच वर्षे झाली होती. वडील त्या युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले. मुलगा लहान असतानाच ते वारले. पुढे ॲनापोलिस येथील नौदल प्रबोधिनीतून विल्यम १८९० मध्ये पदवीधर झाले. तेथे त्यांनी काही चमक दाखवली असे नाही. ३४ जणांच्या वर्गात त्यांचा क्रमांक ३१ वा होता. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात ते 'चार्ल्सटन' या क्रूझरवर होते. जन्मगावाचेच नाव असलेल्या या नौकेने प्रशांत महासागरातील ग्वाम बेट ताब्यात घेतले. प्रशांत महासागर किती अफाट आहे, याचा प्रत्यय तरुण मॉफेट यांना या मोहिमेत आला असणार. पुढील आयुष्यात हाच महासागर त्यांच्या सर्व योजनांच्या केंद्रस्थानी राहिला.

१९१४ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील व्हेराक्रूझ बंदरावर अमेरिकी सैन्य उतरले, तेव्हा मॉफेट 'चेस्टर' या क्रूझरचे कप्तान होते. रात्रीच्या अंधारात, वाटाड्या आणि दिशादर्शक दिवे यांपैकी काहीही नसताना त्यांनी आपली नौका आतल्या बंदरात नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरील मारा शांत केला. या कामगिरीबद्दल त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

मात्र त्यांच्यातील खरा गुण पुढच्या नेमणुकीत दिसला. शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी त्या केंद्राचा चेहरामोहरा पालटला. लाखाहून अधिक खलाशी तेथून तयार होऊन बाहेर पडले. प्रसिद्ध संगीतकार जॉन फिलिप सूझा यांना त्यांनी नौदलात आणून बँड उभे केले. च्युइंगमचे कारखानदार विल्यम रिगली यांच्यासारख्या शिकागोतील धनिकांशी त्यांनी स्नेह जोडला. हे संबंध त्यांना पुढे वॉशिंग्टनच्या राजकारणात कामी आले. रुबाबदार, बोलण्यात गोड, वर्तमानपत्रांचे सामर्थ्य ओळखणारा आणि लोकप्रतिनिधींशी सहज मैत्री करणारा असा हा नौदल अधिकारी होता. समुद्रावरचे शौर्य आणि दरबारातले चातुर्य एकाच ठायी क्वचितच आढळतात. मॉफेट यांच्या ठायी ती दोन्ही होती.

मिचेल यांच्याशी सामना

महायुद्धानंतर 'मिसिसिपी' या युद्धनौकेचे नेतृत्व करताना विमानातून केलेल्या टेहळणीमुळे तोफांचा नेम किती सुधारतो, हे मॉफेट यांनी अनुभवले आणि ते विमानविद्येचे पुरस्कर्ते झाले. १९२१ मध्ये नौदलात वैमानिकी विभाग स्थापन झाला आणि मॉफेट त्याचे पहिले प्रमुख झाले. या पदावर ते लागोपाठ तीन वेळा नेमले गेले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, राहिले. विभागप्रमुख वैमानिक किंवा हवाई निरीक्षक असला पाहिजे, अशी कायद्यात अट होती. तेव्हा वयाच्या बावन्नाव्या वर्षी मॉफेट यांनी निरीक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि जून १९२२ मध्ये ते परीक्षा उत्तीर्ण झाले.

त्या वेळी भूदलाचे ब्रिगेडियर जनरल बिली मिचेल यांनी आरमाराच्या अस्तित्वावरच प्रश्नचिन्ह लावले होते. जुलै १९२१ मध्ये त्यांच्या विमानांनी 'ओस्टफ्रीसलँड' ही जप्त केलेली जर्मन युद्धनौका बॉम्ब टाकून बुडवून दाखवली. देशाची सारी विमाने एका स्वतंत्र हवाई दलाकडे असावीत, ही त्यांची मागणी होती. मॉफेट यांनी तिला कसून विरोध केला. नौदलाची विमाने नौदलाकडेच राहिली पाहिजेत आणि ती नौकांबरोबर समुद्रावर गेली पाहिजेत, हे त्यांचे सूत्र होते. १९२२ मध्ये कोळसावाहू जहाजात बदल करून 'लँगली' ही पहिली अमेरिकी विमानवाहू नौका तयार झाली. १९२७ मध्ये 'लेक्सिंग्टन' आणि 'सॅराटोगा' या दोन प्रचंड नौका आल्या. विमानवाहू नौकांचे नेतृत्व वैमानिकांकडेच असावे, हा नियमही याच काळातला. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने प्रशांत महासागरात जे युद्ध लढले, त्याची बैठक मॉफेट यांच्या कार्यालयात तयार झाली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच कार्यालयात एअरशिपच्याही फायली होत्या.

समुद्रावरचा डोळा

एअरशिप म्हणजे केवळ मोठा फुगा नव्हे. जर्मनीचे काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन यांनी रूढ केलेल्या प्रकारात ड्युराल्युमिन या हलक्या मिश्रधातूच्या कड्या आणि तुळया जोडून एक लांबलचक कठीण सांगाडा उभा केला जाई. त्यावर रोगण दिलेले कापड ताणून बसवीत आणि आतल्या पोकळीत वायूने भरलेल्या स्वतंत्र पिशव्या ठेवीत. पहिल्या महायुद्धात जर्मन आरमाराने अशा झेपेलिनांचा उपयोग उत्तर समुद्रावरील टेहळणीसाठी केला. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांमुळे त्यांचे नाव झाले. आरमाराच्या दृष्टीने मात्र ब्रिटिश नौका कोठे आहेत हे दूरवरून सांगणारा डोळा, हे त्यांचे खरे महत्त्व होते.

मॉफेट यांना हाच डोळा हवा होता. प्रशांत महासागराची विशालता, जपानशी संभाव्य संघर्ष आणि टेहळणीसाठी लागणाऱ्या क्रूझरांचा तुटवडा, असा त्यांच्यापुढे पेच होता. त्या काळातील विमाने काही तासांत इंधन संपून परतत. एअरशिप मात्र दिवसेंदिवस हवेत राहू शकत होते आणि वेगात कोणत्याही नौकेला मागे टाकू शकत होते. शिवाय १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने आणि १९३० च्या लंडन कराराने नौकांच्या बांधणीवर मर्यादा घातल्या असल्या, तरी एअरशिपवर कोणतीही मर्यादा नव्हती. या दोन्ही परिषदांत मॉफेट सल्लागार म्हणून उपस्थित होते. तेव्हा ही पळवाट त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. आज आपल्याला त्यांचा निर्णय वेडेपणाचा वाटतो. १९२१ मध्ये तो हिशेबी होता.

प्रारंभच अपशकुनी झाला. ब्रिटनमध्ये अमेरिकेसाठी बांधलेले 'आर ३८' हे एअरशिप २४ ऑगस्ट १९२१ रोजी चाचणीच्या वेळी हल शहराजवळ हंबर नदीवर मधोमध मोडून कोसळले. ४४ जण मृत्युमुखी पडले; त्यांत १६ अमेरिकी होते. मॉफेट यांना पदावर येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी कार्यक्रम थांबवला नाही. १९१७ मध्ये फ्रान्समध्ये हाती लागलेल्या एका जर्मन झेपेलिनच्या आधारे अमेरिकेतच 'शेनान्डोआ' बांधले गेले आणि सप्टेंबर १९२३ मध्ये ते उडाले. ज्वालाग्राही हायड्रोजनऐवजी हेलियम वापरणारे ते जगातील पहिले कठीण सांगाड्याचे एअरशिप होते. दुसरे 'लॉस एंजेलिस' जर्मनीकडून युद्धखंडणी म्हणून मिळाले. ह्यूगो एकेनर यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आणून पोहोचवले. तेव्हा असे आढळले की देशात एका वेळी एकाच जहाजाला पुरेल एवढा हेलियम आहे! मग शेनान्डोआचा वायू काढून लॉस एंजेलिसमध्ये भरायचा आणि पुन्हा उलट, अशी कसरत सुरू झाली.

शेनान्डोआ

येथे मॉफेट यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रकरण येते. एअरशिपसाठी पैसा काँग्रेसकडून मिळणार होता, काँग्रेस जनमताने चालते आणि जनमत तमाशाने जिंकता येते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये शेनान्डोआ अमेरिका खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर जाऊन आले, तेव्हा मॉफेट स्वतः त्यात होते. उत्तर ध्रुवावर ते नेण्याचीही योजना आखली गेली होती. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ती रद्द केली. पुढील वर्षी मध्य-पश्चिमेकडील राज्यांतील जत्रा आणि प्रदर्शनांवरून जहाज फिरवून आणण्याचा कार्यक्रम ठरला. जहाजाचे कप्तान झॅकरी लॅन्सडाउन मूळचे ओहायोचे. त्या भागातील उन्हाळी वादळांची त्यांना जाण होती. त्यांनी हरकत घेतली. दौरा लांबला, पण टळला नाही. २ सप्टेंबर १९२५ रोजी शेनान्डोआ लेकहर्स्टहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओहायोवर वादळाच्या झोतात सापडून त्याचे तुकडे झाले. लॅन्सडाउन यांच्यासह १४ जण ठार झाले. २९ जण वाचले. त्यांतील काही जण तुटलेल्या पुढच्या भागाला फुग्यासारखे तरंगवत खाली उतरले. दुर्मिळ हेलियम वाया जाऊ नये म्हणून जहाजावरील वायूच्या झडपा कमी केल्या होत्या, हे उघड झाले आणि त्यावरून बरेच वादंग माजले.

लॅन्सडाउन यांच्या पत्नीने पतीच्या हरकतीविषयी उघड साक्ष दिली. मिचेल यांनी युद्ध आणि नौदल खात्यांवर इतकी जहाल टीका केली की त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्यांना सेवा सोडावी लागली. मॉफेट मात्र टिकले. राजकीय डावपेचांत ते मिचेल यांच्यापेक्षा वरचढ ठरले यात शंका नाही. पण जत्रेतल्या गर्दीला दाखवण्यासाठी एक युद्धोपयोगी जहाज वादळाच्या हंगामात धाडले गेले, याची नैतिक जबाबदारी त्या कार्यक्रमाच्या पुरस्कर्त्यांवर येते आणि त्यांत मॉफेट अग्रभागी होते. त्यांच्या चाहत्या चरित्रकारांनाही हे ओझे पुरते उतरवता आलेले नाही.

आणखी एखादा अधिकारी येथे थांबला असता. मॉफेट यांनी नेमकी उलट दिशा धरली. जर्मन युद्धकालीन नमुन्याची नक्कल करून चालणार नाही, आरमारासाठी मुळापासून नवे, अधिक मजबूत आणि अधिक मोठे जहाज बांधले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९२६ च्या जूनमध्ये काँग्रेसने नौदलाच्या पंचवार्षिक हवाई कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यात एक हजार विमाने होती आणि दोन महाकाय एअरशिप होती.

ॲक्रनची बांधणी

६ ऑक्टोबर १९२८ रोजी या दोन जहाजांचे कंत्राट गुडइयर-झेपेलिन कंपनीला मिळाले. पहिल्याची किंमत सुमारे ५४ लाख डॉलर, तर दुसऱ्याची साडेचोवीस लाख. बांधणीचे ठिकाण होते ओहायो राज्यातील ॲक्रन, म्हणजे टायरच्या कारखान्यांचे शहर. मुख्य अभियंता कार्ल आर्नस्टाइन जर्मनीतील झेपेलिन कारखान्यातून आले होते आणि त्यांच्याबरोबर तेथील बारा अभियंतेही आले होते. गावकऱ्यांनी त्यांना बारा शिष्य म्हणायला सुरुवात केली.

जहाज बांधण्याआधी ते बांधण्याची जागा बांधावी लागली. १९२९ मध्ये उभी राहिलेली ही शेड १,१७५ फूट लांब, ३२५ फूट रुंद आणि २११ फूट उंच होती. आत एकही खांब नाही. संत्र्याच्या फोडीसारखी वळणदार दारे रुळांवरून सरकत आणि त्यांतील प्रत्येकाचे वजन सुमारे सहाशे टन होते. आतली पोकळी इतकी मोठी की दमट हवेत छताखाली धुके साचून पाऊस पडतो, असे तेथे सांगितले जाई. ७ नोव्हेंबर १९२९ रोजी मॉफेट यांनी जहाजाच्या मुख्य कडीत सोन्याचा रिव्हेट ठोकला. त्याआधी अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता. मंदीच्या त्या काळात हजारो हातांना काम देणारा हा सांगाडा शहराच्या अभिमानाचा विषय झाला.

'ॲक्रन' हेच नाव मिळालेले हे जहाज ७८५ फूट लांब होते. पोटात ६५ लाख घनफूट हेलियम मावत होता, म्हणजे शेनान्डोआच्या तिपटीहून अधिक. आर्नस्टाइन यांनी जुन्या झेपेलिनांची तारांनी ताणलेली सडपातळ कडी सोडून दिली आणि मुख्य कड्या त्रिकोणी छेदाच्या, इतक्या खोल केल्या की माणूस त्यांच्या आतून फिरू शकेल. एकाऐवजी तीन कणे जहाजाच्या लांबीभर धावत होते. हेलियम पेटत नसल्याने ५६० अश्वशक्तीची आठही इंजिने जहाजाच्या पोटात ठेवता आली आणि बाहेर फक्त पंखे राहिले. हे पंखे वळवता येत, त्यामुळे उडताना वा उतरताना ते जहाजाला वर-खाली ढकलीत. इंधन जळाले की जहाज हलके होऊन वर जाऊ लागते. हायड्रोजनचे जहाज अशा वेळी थोडा वायू सोडून देई, पण मोलाचा हेलियम सोडणे परवडणारे नव्हते. म्हणून इंजिनाच्या धुरातील वाफ थंड करून तिचे पाणी करायचे आणि तेच वजनासाठी साठवायचे, अशी व्यवस्था केली होती. हुलच्या बाजूंना पंख्यांच्या वर दिसणाऱ्या काळपट पट्ट्या त्याच यंत्रणेच्या होत्या.

सर्वांत अद्भुत गोष्ट जहाजाच्या पोटातली. तेथे ७५ फूट लांब आणि ६० फूट रुंद असा विमानांचा हँगर होता. तळाच्या इंग्रजी टी आकाराच्या दारातून एक दांडी खाली सोडली जाई. 'स्पॅरोहॉक' ही छोटी लढाऊ विमाने आपल्या वरच्या पंखावरील आकडा त्या दांडीत अडकवून, सर्कशीतल्या झोपाळ्यावरील कसरतपटूसारखी लोंबकळत, आत ओढली जात. जहाज मध्ये, दोन्ही बाजूंना दूरवर विमाने आणि मिळून शेकडो मैल रुंदीचा समुद्र एका दिवसात धुंडाळायचा, ही त्यामागची कल्पना. विमानवाहू नौका आणि एअरशिप ही मॉफेट यांची दोन स्वप्ने येथे एकमेकांत मिसळलेली दिसतात.

बांधणीत खोटही राहिली. जहाज ठरल्यापेक्षा जड झाले आणि अपेक्षित वेगही गाठू शकले नाही. नियंत्रण कक्षातून मागचा खालचा सुकाणूपंख दिसला पाहिजे, असा नौदलाचा आग्रह होता. त्यासाठी आर्नस्टाइन यांच्या मूळ आराखड्यातील पंखांचा आकार बदलावा लागला. नव्या रचनेत पंखांची पुढची बाजू मजबूत मुख्य कडीला जोडलेली राहिली नाही. कागदावर हा बदल किरकोळ भासला होता.

८ ऑगस्ट १९३१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लू हूव्हर यांनी जहाजाचे नामकरण केले आणि २७ ऑक्टोबरला ते नौदलात दाखल झाले. पुढच्याच महिन्यात त्याने २०७ जणांना घेऊन उड्डाण केले. हा त्या वेळचा विक्रम होता.

एका वर्षाआधी, ५ ऑक्टोबर १९३० रोजी, ब्रिटनचे 'आर १०१' हे एअरशिप हिंदुस्थानकडे निघालेले असताना फ्रान्समध्ये कोसळून पेटले आणि ५४ पैकी ४८ जण दगावले होते. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराची येथे त्याच्या स्वागतासाठी बांधलेली प्रचंड शेड रिकामीच राहिली. ब्रिटनने त्यानंतर हा उद्योग सोडून दिला. अमेरिकेजवळ हेलियम आहे, तेव्हा आपल्यावर अशी पाळी येणार नाही, असा मॉफेट यांचा विश्वास होता. आगीपुरता तो खरा होता.

ॲक्रनचे अल्प आयुष्य मात्र गैरसोयींनी भरलेले गेले. फेब्रुवारी १९३२ मध्ये पाहुणे म्हणून आलेले काँग्रेस सदस्य समोर असतानाच वाऱ्याच्या झोताने शेपूट जमिनीवर आपटले. मे महिन्यात सॅन दिएगोजवळ जहाज उतरवताना दोर धरलेले तीन खलाशी त्याबरोबर वर ओढले गेले. दोघे पडून मेले. तिसऱ्याला तास-दीड तासाने वर खेचून घेतले. आरमाराच्या सरावात त्याने टेहळणी केली, शत्रुपक्षाच्या नौका शोधल्याही; पण एवढे मोठे लक्ष्य प्रत्यक्ष युद्धात किती टिकेल, हा नौदलातील जुन्या अधिकाऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला. विमानांना पुढे धाडून जहाजाने स्वतः शत्रूच्या दृष्टीआड राहावे, हे तंत्र अद्याप घडत होते. त्याला लागणारा वेळ मिळाला नाही.

३ एप्रिल १९३३

११ मार्च १९३३ रोजी ॲक्रन शहरात दुसऱ्या जहाजाचे नामकरण झाले. 'मेकन' हे नाव उच्चारण्याचा मान मॉफेट यांच्या पत्नी जॅनेट यांचा होता. मॉफेट तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते आणि त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होते.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी, ३ एप्रिलच्या संध्याकाळी, ते न्यू जर्सीतील लेकहर्स्ट तळावरून ॲक्रनमध्ये बसले. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रेडिओ केंद्रांच्या चाचणीसाठी जहाज निघाले होते. विभागप्रमुखाने त्यावर जाण्याची काही निकड नव्हती. पण संधी मिळेल तेव्हा आपल्या जहाजांतून उडणे हा त्यांचा परिपाठ होता. जहाजावर ७६ माणसे होती. कप्तान फ्रँक मॅकॉर्ड आणि उपकप्तान हर्बर्ट वायली.

काही वेळातच विजा चमकू लागल्या. मॅकॉर्ड यांनी वादळ टाळण्यासाठी समुद्राकडचा मार्ग धरला, आणि जहाज वादळाच्या अधिक जवळ गेले. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ते एकाएकी खाली कोसळू लागले. भारासाठी ठेवलेले पाणी ओतून देऊन ते सावरण्यात आले. पण लगेच दुसरा झोत आला. उंची दाखवणारे यंत्र हवेच्या दाबावर चालत असे आणि वादळात दाब उतरला की ते खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवी. जहाज वर चढवण्यासाठी त्याचे नाक उंच केले गेले. ७८५ फूट लांबीच्या जहाजाचे नाक वर गेले की शेपूट किती खाली जाते, हे सांगायला नको. शेपूट पाण्याला टेकले, सुकाणू तुटले आणि सारा सांगाडा अटलांटिकच्या बर्फगार पाण्यात मोडून पडला.

सुमारे दीड वर्ष सेवेत असलेल्या, नौदलाच्याच मालकीच्या आणि समुद्रावर फिरण्यासाठी बांधलेल्या त्या जहाजावर लाइफ जॅकेट नव्हती. रबरी तराफा होता तो एकच. जवळून जाणाऱ्या 'फोबस' या जर्मन जहाजाने चौघांना उचलले. त्यांतील एक थोड्या वेळात वारला. वायली यांच्यासह तिघे वाचले आणि ७३ जण गेले. हायड्रोजनच्या आगीचे धसके घेतलेल्या जगात, न पेटणाऱ्या वायूच्या जहाजावर इतकी माणसे बुडून आणि गारठून मरावीत, हा दैवाचा विचित्र खेळ होता. दैवाचा तरी का म्हणावा? सोन्याच्या रिव्हेटसाठी पैसे होते. लाइफ जॅकेटांचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. शोधासाठी निघालेले 'जे ३' हे लहान एअरशिपही कोसळून आणखी दोघे दगावले. मॉफेट यांचा मृतदेह नंतर सापडला आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

सतरा दिवसांनी मेकनने पहिले उड्डाण केले. त्याच्यासाठी सनीव्हेल येथे बांधलेल्या तळाच्या विमानतळाला मॉफेट यांचे नाव मिळाले. १९३४ च्या जुलैमध्ये, आता वायली यांच्या हाती आलेल्या या जहाजाने मॉफेट यांची कल्पना एकदा तरी पूर्णपणे खरी करून दाखवली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 'ह्यूस्टन' या क्रूझरमधून प्रशांत महासागरातून हवाईकडे चालले होते. नौकेचा ठावठिकाणा कोणी कळवलेला नसताना मेकनच्या विमानांनी खुल्या समुद्रावर तिला गाठले आणि ताजी वर्तमानपत्रे डेकवर टाकली. राष्ट्राध्यक्ष खूश झाले. आरमाराचे वरिष्ठ मात्र या आगाऊपणावर नाराज झाले.

१२ फेब्रुवारी १९३५ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातील पॉइंट सूर भूशिराजवळ वाऱ्याच्या जोरदार झोताने मेकनचा वरचा सुकाणूपंख उखडला. हा तोच पंख, ज्याची रचना नौदलाच्या आग्रहावरून बदलली होती. आधीच्या वर्षी टेक्सासवरून जाताना तेथील भाग दुखावला होता आणि वरच्या पंखाची मजबुती करायची राहून गेली होती. उखडलेल्या तुकड्यांनी मागच्या वायूच्या पिशव्या फाडल्या आणि जहाज समुद्रात उतरले. जहाजावर ८३ जण होते. या वेळी प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट होते, रबरी तराफेही पुरेसे होते. ८१ जण वाचले. अमेरिकी नौदलाने त्यानंतर कठीण सांगाड्याचे एअरशिप पुन्हा बांधले नाही.

मेकनचे अवशेष पंचावन्न वर्षे कोणालाच सापडले नाहीत. मग कॅलिफोर्नियातील एका कोळ्याच्या जाळ्यात धातूच्या तुळईचा एक जाळीदार तुकडा आला. तो मॉस लँडिंग येथील एका उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेसाठी टांगला गेला आणि तेथे वायली यांच्या मुलीने तो ओळखला. त्या कोळ्याने दाखवलेल्या जागी शोध घेतला, तेव्हा सुमारे दीड हजार फूट खोल तळावर मोडलेला सांगाडा दिसला. शेजारी चार स्पॅरोहॉक विमाने पडली होती. त्यांच्या पंखांवरचे आकडे शाबूत होते.